मोजणी : संशोधनाची पहिली पायरी

माझे आजोबा वीसवीसच्या गटांनी मोजत. 'एक वीस, दोन विसा, तीन विसा आणि वर सात' असा त्यांचा हिशेब असे आणि तो कधी चुकत नसे. तेही गणितच होते. मात्र सावकाराच्या वहीत काय लिहिले आहे, हे त्यांना अखेरपर्यंत वाचता आले नाही. त्या वहीच्या पानापानांवर त्यांचा अंगठा तेवढा उमटलेला होता. त्यांच्याजवळ बुद्धी होती. दुसऱ्याने मांडलेला हिशेब तपासण्याचे साधन नव्हते. म्हणूनच 'गणित आपल्याला जमणारे नाही' असे वसतिगृहातील एखादा विद्यार्थी म्हणतो, तेव्हा मला त्या वहीची आठवण होते.

मोजणे ही क्रिया वाटते तितकी साधी नाही. मेंढरामागे एक खडा ठेवणाऱ्या मेंढपाळाला संख्यांची नावे ठाऊक नसली तरी चालते. एका वस्तूस एकच खडा, हा नियम पाळला म्हणजे झाले. परंतु त्यापूर्वी त्याला ठरवावे लागते की, कोकरू मोजावयाचे की नाही. काय मोजावयाचे, 'एक' कशास म्हणावयाचे आणि कोणी सुटले तर नाही ना, हे तीन प्रश्न प्रत्येक मोजणीत दडलेले असतात. संशोधनाची सुरुवातही याच तीन प्रश्नांनी होते.

याचे उत्तम उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच कोरलेले आहे. नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांतील क्रमांक १० च्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा दानलेख आहे. वर्ष ४२ च्या वैशाखात त्याने भिक्षुसंघासाठी ३००० कार्षापणे गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे कायम ठेव म्हणून ठेवली. त्यांपैकी २००० वर व्याज शेकडा एक आणि १००० वर शेकडा पाऊण. मुद्दल परत घ्यावयाचे नाही. व्याजाचाच उपयोग करावयाचा. २००० च्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा कार्षापणे द्यावयाची, असे लेख सांगतो.

आता हाती पेन्सिल घ्यावी. शेकडा एक हा दर वर्षाचा की महिन्याचा? त्या शब्दांत तसा उल्लेख नाही. दर वार्षिक मानल्यास २००० वर व्याज २० येते आणि वीस भिक्षूंच्या वाट्यास प्रत्येकी एकच कार्षापण येते. दर मासिक मानल्यास महिन्यास २०, म्हणजे वर्षास २४० होतात. २४० भागिले २० बरोबर १२. लेखातील आकडा नेमका जुळला. म्हणजे दर मासिकच होता. जे शब्दांनी सांगितले नाही, ते पाचवीच्या विद्यार्थ्यास येणाऱ्या गुणाकार-भागाकाराने सांगितले. इतिहासाचे संशोधन म्हणजे याहून वेगळे काही नव्हे. त्या काळच्या ब्राह्मी अंकलेखनात शून्य नव्हते. दहा, वीस, शंभर, हजार यांना स्वतंत्र चिन्हे होती. तरीही हिशेब चोख होता.

मात्र नुसता आकडा दिशाभूलही करतो. एका वर्गातील ५० पैकी ४० विद्यार्थी उत्तीर्ण झाले आणि दुसऱ्या वर्गातील ६० पैकी ४५. मोठा आकडा दुसऱ्या वर्गाचा. परंतु प्रमाण पहिल्याचे ८० टक्के आणि दुसऱ्याचे ७५ टक्के. कोणत्याही संख्येस 'कितीपैकी?' असे विचारल्याशिवाय तिच्यावर विश्वास ठेवू नये.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१८ साली भारतातील लहान शेतजमिनींवर जो निबंध लिहिला, त्यात हीच दृष्टी दिसते. जमीन किती एकर, एवढ्यावरून ती किफायतशीर ठरत नाही. तिच्यावर किती भांडवल, किती अवजारे आणि किती माणसे आहेत, त्या प्रमाणावर ते अवलंबून असते, असे त्यांनी दाखविले. शेतीवर अवलंबून असलेले जादा मनुष्यबळ उद्योगांकडे वळविले पाहिजे, हा त्यांचा निष्कर्ष या प्रमाणाच्या विचारातूनच निघाला. इतरांनी एकर मोजले. बाबासाहेबांनी काय मोजले पाहिजे, हे आधी विचारले.

केसपुत्त येथील कालामांना तथागतांनी दिलेला उपदेश आपण वंदनेनंतर अनेकदा ऐकतो : परंपरेने आले, ग्रंथात आहे किंवा गुरूने सांगितले, एवढ्याच कारणाने काही स्वीकारू नये. गणिताच्या तासाला हाच उपदेश रोज आचरणात येतो. फळ्यावरील उत्तर शिक्षकाचे आहे म्हणून बरोबर नसते. ताळा जुळतो म्हणून बरोबर असते. चुकीचा हिशेब शिक्षकाचा असला तरी तो चूकच, असे सर्वांत लहान विद्यार्थ्यालाही निर्भयपणे सांगता येते. अशी समता इतरत्र सहजासहजी लाभत नाही.

म्हणून या शाळेतील मुलामुलींना एवढेच सांगावेसे वाटते : पुढच्या सहलीत लेणी पाहावयास जाल तेव्हा सोबत वही न्या. पायऱ्या मोजा, भिक्षूंच्या खोल्या मोजा, एका खोलीत किती जण राहत असतील याचा अंदाज बांधा आणि तो का बांधला, हेही लिहून ठेवा. आजोबांनी ज्या वहीवर अंगठा दिला, ती वही त्यांची नव्हती. ही वही तुमची असेल.