ट्रॅकवरची सायकल (भाग 3) : भीती वेगाची नको, संथपणाची हवी

मागच्या भागात आपण ट्रॅकची सायकल नीट पाहिली. ब्रेक नाहीत, गिअर बदलायची सोय नाही, फ्रीव्हील नाही. मागचं चाक फिरतंय तोवर पेडल फिरत राहणार आणि त्यांच्याबरोबर पायही. आज ही सायकल घेऊन ट्रॅकवर उतरायचं आहे.

लंडनच्या ली व्हॅली वेलोड्रोममध्ये वळणांवरचा उतार 42 अंशांचा आहे. खालून पाहिलं तर ती सायकलची वाट न वाटता भिंत वाटते. 2012च्या ऑलिम्पिकच्या ट्रॅक शर्यती इथेच झाल्या. 2022च्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या ट्रॅक शर्यतीही इथेच झाल्या आणि आपल्या महाराष्ट्राची मयूरी लुटे तेव्हा भारताकडून याच ट्रॅकवर धावली. मला या जागेचं मोठं अप्रूप वाटतं ते दुसऱ्याच कारणासाठी. ज्या लाकडी पट्ट्यांवर पदकं ठरली, तिथेच एखादा नवखा माणूस भाड्याची सायकल आणि बूट घेऊन, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली तासभर चालवून पाहू शकतो. आवडलं तर पुढे चार टप्प्यांचं प्रशिक्षण असतं. ते पार केल्याशिवाय इतरांबरोबर मोकळ्या सरावाला सोडत नाहीत. अशी शिस्तशीर पायरी प्रत्येक वेलोड्रोमवर असायला हवी, असं माझं ठाम मत आहे.

नवख्याला पहिली भीती वाटते ती वेगाची. घसरलो तर काय? म्हणून तो वळण आलं की पाय आखडतो. खरा धोका तिथेच आहे.

जरा हिशेब करू. वळणाची त्रिज्या साधारण 22 मीटर धरा. ताशी 50 किलोमीटरच्या आसपास वेग असेल, तर सायकल वळताना आपोआप जेवढी कलते, तेवढाच म्हणजे 42 अंशांचा उतार खाली असतो. टायर पृष्ठभागावर अगदी सरळ उभा राहतो. ताशी 30ला मात्र सायकल जेमतेम 18 अंश कलते. उरलेल्या 24 अंशांचा भार टायरच्या पकडीवर पडतो. वेग आणखी उतरला, की पकड सुटते आणि सायकल खाली सरकते. शिवाय संथ सायकल उताराच्या मानाने उभी राहत असल्यामुळे वरच्या बाजूचं, म्हणजे उजवं पेडल ट्रॅकला घासण्याची शक्यता वाढते. ट्रॅकच्या सायकलचे क्रँक आखूड आणि जमिनीपासून जरा उंच ठेवलेले असतात, ते यासाठीच.

म्हणजे वळणात शिरण्याआधी वेग हवा आणि वळणात तो टिकायला हवा. पुढे 48 दाते आणि मागे 15 असा गिअर असेल, तर पेडलच्या एका फेऱ्यात सायकल पावणेसात मीटरच्या आसपास जाते. ताशी 30 गाठायला मिनिटाला 75 फेरे पुरतात. रोज सायकल चालवणाऱ्याला हे अजिबात जड नाही. 250 मीटरच्या ट्रॅकवर या वेगाने एक फेरी 30 सेकंदांत होते, त्यामुळे आपला वेग साध्या घड्याळावरही कळतो.

सुरुवात कठड्याला धरून. बूट पेडलमध्ये अडकवले की हलकेच स्वतःला ढकलायचं आणि आधी आतल्या सपाट भागावर फेऱ्या मारायच्या. पाय थांबवता येत नाहीत हे डोक्याला ठाऊक असतं, पायांना ते इथे समजतं. मग ट्रॅकच्या आतल्या कडेचा निळा पट्टा, मग त्याच्यावरची काळी रेष. ट्रॅकची लांबी याच रेषेवर मोजतात. नजर पुढच्या चाकावर ठेवू नका. वळण जिथे संपतं तिथे पाहा, सायकल नजरेमागून जाते. काळ्या रेषेवर सहज चालवता यायला लागलं की लाल रेषेपर्यंत आणि मग वरच्या निळ्या रेषेपर्यंत चढायचं. प्रशिक्षक सांगेल तेव्हाच, आधी नाही.

बोरघाट चढून जाणाऱ्या रस्त्यावरच्या सायकलपटूंना मी मुद्दाम सांगतो, तुमच्या पायांत दम आहे, पण सवयी इथे उलट्या पडतात. पुढचा जवळ आला की तुम्ही पेडल थांबवता किंवा बोटं ब्रेककडे जातात. ट्रॅकवर पेडल अचानक रोखलंत, तर मागचं चाक तुम्हाला सीटवरून उचलून फेकेल आणि मागून येणारा तुमच्यावर आदळेल. वेग कमी करायचा असेल तर उजव्या खांद्यावरून मागे पाहा, जागा असेल तर उतारावर थोडे वर जा. चढण आपोआप वेग खाते. खाली येताना तोच वेग परत मिळतो. ओव्हरटेक नेहमी वरून, उजवीकडून. मागे न पाहता रेष सोडायची नाही. ट्रॅकवर मागचा माणूस तुमच्या सरळ जाण्यावर विसंबून असतो, आणि त्याच्याकडेही ब्रेक नाहीत.

थांबणं वेगळं शिकावं लागतं. शेवटच्या एकदोन फेऱ्यांत पायांनी हळूहळू विरोध करत वेग उतरवायचा, मागे पाहून वळणाबाहेर, सरळ भागात निळ्या पट्ट्याखालच्या सपाटीवर यायचं आणि तिथे संथ होत कठडा धरायचा. खूप दमल्यावर पाय सोडून द्यायचा मोह होतो. सायकल पूर्ण थांबेपर्यंत पेडल फिरवत राहा.

पुण्यात बालेवाडीच्या क्रीडानगरीत, जी 1994च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभी राहिली, उघड्यावरचा वेलोड्रोम आहे. दिल्लीत इंदिरा गांधी क्रीडासंकुलात 2010च्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी बांधलेला 250 मीटरचा लाकडी ट्रॅक आहे. जवळच्या वेलोड्रोमवर आधी नुसते बघायला जा, सराव चालू असताना तासभर बसा आणि कोण कुठल्या रेषेवर कधी जातं ते टिपा. मग तिथल्या प्रशिक्षकाला भेटा. सायकल विकत घेण्याची घाई मुळीच करू नका.

पुढच्या आठवड्यात: स्प्रिंटमधले दोघे शर्यत सुरू झाल्यावर इतके सावकाश का चालवतात, आणि तेवढ्या कमी वेगातही ते घसरत कसे नाहीत.