मुठीआडचा सांधा

ऊसतोडीचा हंगाम तोंडावर आला, म्हणजे धाराशिव जिल्ह्यातील लोहारांच्या आणि गावाबाहेर पाल ठोकणाऱ्या घिसाड्यांच्या भात्यापुढे कोयत्यांची जी रीघ लागते, तीत धार गेलेल्या पात्यांबरोबर शेपूट मोडलेली पातीही येतात. शेपूट म्हणजे पात्याचा तो निमुळता भाग, जो लाकडी मुठीत दडून राहतो, ज्याच्याकडे गिऱ्हाइकाचे सहसा लक्ष जात नाही, आणि ज्याच्यावर प्रत्येक घावाचा हिसका अखेर येऊन थांबतो. हे कोयते पुष्कळदा मालमोटारीच्या टाकाऊ कमानपाट्यांचे असतात. त्या पोलादात कार्बन अर्ध्या टक्क्याच्या आसपास आणि इतर धातू अल्पस्वल्प, त्यामुळे लाल तापले की ते निमूटपणे लांबते. घिसाडीण घण घालते, घिसाडी सांडशीने पाते फिरवतो, आणि पाट्याच्या अंगातूनच शेपूट ओढून निघते.

अडचण उद्भवते ती उच्च मिश्रधातूच्या पोलादापाशी. साचे करणाऱ्या कारखान्यांत डी-२ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पोलादात सुमारे १.५ टक्के कार्बन आणि १२ टक्के क्रोमियम असते. त्याची धार दीर्घकाळ टिकते, परंतु मोलही भारी. सबब सुरी घडवणारा कारागीर पात्यापुरताच तुकडा खर्ची घालून शेपटासाठी साधे मऊ लोखंड जोडण्याची तजवीज करतो. काटकसर वाजवी आहे, पण धातूचा स्वभाव तिला अनुकूल नाही. साधे पोलाद कठीण व्हावे म्हणून तापवून पाण्यात वा तेलात बुडवावे लागते; हे मात्र हजार अंश सेल्सिअसच्या आसपास तापवून नुसत्या वाऱ्यावर ठेवले तरी कठीण होते. वेल्डिंग करताना सांध्यालगतची अरुंद पट्टी क्षणार्धात तापते, भोवतालचा थंड धातू तिची उष्णता शोषून घेतो, आणि ती पट्टी काचेसारखी ठिसूळ होऊन बसते. मग निवताना आकसणारा सांधा तिलाच ताणतो आणि भेग पडते, कधी तत्क्षणी, कधी काही तासांनी. ऐरणीवर ठोकून सांधण्याचा जुना मार्गही येथे दुष्कर, कारण टाकणखार लोखंडावरचे कीट विरघळवतो, परंतु क्रोमियमचा चिवट थर त्याला सहजी दाद देत नाही.

मऊ लोखंडाचे शेपूट जोडण्याची कल्पना मात्र जुनीच. हा जिल्हा १९४८ पर्यंत ज्या निजामी राज्याचा भाग होता, त्याच मुलखातील कोनासमुद्रम या गावी मुशीत वितळवलेले उच्च कार्बनचे पोलाद तयार होई आणि इराणपर्यंत जाई. ते अधिक तापले की घणाखाली भुगा होई. अशा पोलादाच्या कित्येक तलवारींत पाते मुशीच्या पोलादाचे आणि शेपूट साध्या लोखंडाचे असते. मराठ्यांनी फिरंगी पाती वापरली, तेव्हा मुठीपासून पुढे आलेल्या पट्ट्या पात्याला रिवेटांनी जखडण्याचा प्रघात होता. सांध्यावर विसंबण्यापेक्षा खिळ्यावर विसंबणारा तो कारागीर मला तरी अधिक शहाणा वाटतो.

तथापि ज्याला जोडायचेच आहे, त्याने पाते कठीण करण्यापूर्वीच जोडावे. दोन्ही तुकड्यांच्या कडा उतरत्या घासून, डी-२चा तुकडा किमान २५० ते ३०० अंशांपर्यंत तापवून, तो उष्ण असतानाच आर्गॉन वेल्डिंगने भराव घालावा. भरावाला ३०९ क्रमांकाची स्टेनलेस सळई घ्यावी, कारण तिचा मऊ, लवचिक भराव ताण सोसतो. काम संपताच नग भट्टीत सुमारे ८७० अंशांवर धरून, भट्टीतच अत्यंत संथपणे निवू द्यावा. त्यानंतर पाते कठीण करावे. आणि तेव्हा सांध्यालगतचा डी-२चा भागही पुन्हा कठीण होत असल्यामुळे, धार ओल्या फडक्यात गुंडाळून, तेवढाच भाग निराळा तापवून नरम करावा. हा शेवटचा टप्पा गाळला, तर आधीचे सारे श्रम व्यर्थ जातात.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे सांधा मुठीच्या तोंडाशी येता कामा नये, कारण वाकण्याचा जोर तेथेच सर्वाधिक असतो. तो मुठीत बराच आत घ्यावा. स्वयंपाकघरातल्या सुरीला एवढे पुरेसे आहे. कोयत्याला मात्र असला सांधा लावू नये; त्याचे शेपूट त्याच्याच पाट्यातून ओढून घ्यावे, आणि ते पुरत नसेल तर पाटा बदलावा.