तबकडी महागली, गाणारा उपाशीच

जमैका हा वेस्ट इंडिजमधील लहानसा देश. लोकसंख्या तीस लाखांच्या आत. आपल्याकडे तो ओळखला जातो क्रिकेटमुळे आणि बॉब मार्लेमुळे. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांच्या वंशजांचा हा देश ६ ऑगस्ट १९६२ रोजी इंग्रजांच्या राज्यातून स्वतंत्र झाला आणि त्याच दशकात किंग्स्टन शहराच्या गरीब वस्त्यांतून रेगे हे संगीत जन्माला आले. २०१८ मध्ये युनेस्कोने या संगीताची मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशात नोंद केली. गौरव झाला, चांगलेच झाले. पण आम्हाला आज लिहायचे आहे ते या संगीताच्या बाजारभावाविषयी.

हा विषय आंबेडकरी वाचकाला परका वाटण्याचे कारण नाही. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये अमेरिकेतील कृष्णवर्णीय विचारवंत डू बॉईस यांना पत्र लिहून दोन्ही समाजांच्या दुःखातले साम्य सांगितले होते. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिने नाव घेतले ते अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून. काळ्या माणसाच्या स्वाभिमानाची हाक देणारा मार्कस गार्वी हा जमैकाचाच. जन्म १८८७ चा. त्याच्या नावाने बर्निंग स्पिअर या गायकाने १९७५ मध्ये अख्खा अल्बम काढला. रेगे म्हणजे नुसता नाच नव्हे. ज्यांना शाळेच्या पुस्तकात जागा नव्हती त्यांनी आपला इतिहास गाण्यात लिहून ठेवला. आपल्या शाहिरांनी, गायन पार्ट्यांनी दुसरे काय केले?

लाख रुपयांची सहा मिनिटे

१९६० आणि १९७० च्या दशकांत किंग्स्टनमध्ये निघालेल्या मूळ तबकड्या आज लंडन, पॅरिस, टोकियोतले हौशी लोक शोधत असतात. बहुतेक तबकड्या सात इंची, एका बाजूला एक गाणे. साध्या तबकड्या आजही थोडक्यात मिळतात. पण दुर्मिळ तबकडीला शेकडो पौंड पडतात आणि मोजक्या काही हजार पौंडांच्याही वर जातात. म्हणजे दोन्ही बाजू मिळून पाच-सहा मिनिटांच्या गाण्याला आपले लाखभर रुपये! त्यावर टपालखर्च, विमा, जकात वेगळी.

भाव ठरतो कसा? तबकडीवर ओरखडे किती, यावरून तिची प्रत लावतात. प्रत एक पायरी उतरली की किंमत धाडकन खाली येते. मग पाहतात ती तबकडी पहिल्या छपाईची की नंतरची. त्यासाठी शेवटच्या खाचेजवळ कोरलेला क्रमांक तपासतात. लेबलचा रंग पाहतात, त्यावरच्या शिक्क्याचा फरक पाहतात. नकली मालही भरपूर निघतो, त्यामुळे पारख नसलेला माणूस हमखास फसतो. या साऱ्या मोजमापात गाणे कोणी गायले हे येते. पण त्या गाणाऱ्याला काय मिळाले, हा रकाना कुठेच नाही.

दुर्मिळता कुठून आली?

या तबकड्या कमी का आहेत, याचे उत्तर गरिबीत आहे. त्या काळी जमैकातील गरीब माणसाला घरात रेकॉर्ड प्लेअर परवडत नव्हता. म्हणून मोठमोठे कर्णे लावून मोकळ्या मैदानात नाच-गाण्याचे कार्यक्रम होत. त्याला साऊंड सिस्टीम म्हणतात. क्लेमेंट डॉड आणि ड्यूक रीड हे या धंद्यातले दोन बडे प्रतिस्पर्धी. दुसऱ्याकडे नसलेले गाणे आपल्याकडे असावे म्हणून हे लोक अमेरिकेतून आणलेल्या तबकडीचे लेबल खरवडून टाकत. गाणे कोणाचे ते कळूच नये! पुढे ते स्वतःच गाणी मुद्रित करू लागले. डॉडचा स्टुडिओ वन हा ब्रेंटफर्ड रोडवर होता. २००४ मध्ये त्या रस्त्यालाच स्टुडिओचे नाव दिले गेले. मैदानात वाजवण्यापुरती एखादीच मऊ लाखेची तबकडी कापली जाई. ती काही डझन वेळा वाजवली की झिजून जाई. लोकांना पसंत पडले तरच विकण्यासाठी प्रती निघत, त्याही पुष्कळदा मोजक्याच. लेबल छापायला वेळ आणि पैसा नको म्हणून कित्येक तबकड्या कोऱ्या लेबलच्याच बाजारात गेल्या. जुन्या तबकड्या वितळवून त्याच मालातून नव्या काढल्या जात. म्हणून कित्येकींत खरखर असे, भोक मधोमध नसे.

आज हेच कोरे लेबल संग्राहकाला सोन्यासारखे वाटते. गरिबीने केलेली काटकसर श्रीमंताच्या कपाटात दुर्मिळ वस्तू झाली. पण कोऱ्या लेबलचा आणखी एक अर्थ आहे. त्यावर गाणाऱ्याचे नाव नाही, लिहिणाऱ्याचे नाही आणि वाजवणाऱ्याचे तर नाहीच. ज्याचे नाव कागदावर नाही त्याचा हक्क कोर्टात कसा सिद्ध होणार?

कायदा कोणाच्या बाजूने?

किंग्स्टनमध्ये आल्फा बॉईज स्कूल नावाची कॅथलिक जोगिणींनी चालवलेली शाळा होती. गरीब आणि वाऱ्यावर सोडलेल्या मुलांना तिथे बँड शिकवला जाई. डॉन ड्रमंड, टॉमी मकूक यांच्यासारखे वादक तिथेच घडले आणि १९६४ च्या स्कॅटलाइट्स या वाद्यवृंदात एकत्र आले. असे गायक-वादक निर्मात्याकडे जात, ठरावीक रक्कम हातात पडे आणि विषय संपे. बहुतेकांच्या हाती कराराचा कागद नसे, रॉयल्टीचा हिशेब नसे. १९७२ च्या ‘द हार्डर दे कम’ या चित्रपटात खेड्यातून आलेला नायक आपले गाणे वीस डॉलरला देऊन टाकतो. ते पात्र काल्पनिक होते, व्यवहार मात्र जमैकाच्या ओळखीचा होता.

कायद्याची स्थिती काय होती? स्वतंत्र जमैकात इंग्रजांचा १९११ चा कॉपीराइट कायदाच चालू होता. देशाचा स्वतःचा नवा कायदा अमलात आला १९९३ मध्ये. तोवर रेगेचा सुवर्णकाळ सरून गेला होता. १९६७ च्या सुमारास स्टुडिओ वनमध्ये वाजवलेल्या ‘रिअल रॉक’ या एका चालीवर पुढे शेकडो गाणी उभी राहिली. मूळ वादकांना त्या शेकडोंचा हिशेब कोणी दिला?

आता जुन्या तबकडीच्या विक्रीकडे वकिलाच्या नजरेने पाहू. तबकडी एकदा कायदेशीर विकली गेली की ती खरेदीदाराची मालमत्ता. पुढे ती दहा वेळा विकली, प्रत्येक वेळी दुप्पट भावाने विकली, तरी कलावंताला एक पैसाही द्यावा लागत नाही. चित्रकाराच्या बाबतीत अनेक देशांनी वेगळा विचार केला आहे. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातही कलम ५३-अ आहे. मूळ चित्र, शिल्प किंवा मूळ हस्तलिखित दहा हजार रुपयांच्या वर पुन्हा विकले गेले तर निर्मात्याला त्यात वाटा मिळण्याची तरतूद तिथे आहे. पण तबकडी ही मूळ वस्तू नव्हे, ती प्रत. म्हणून ती या संरक्षणाबाहेर. लाखाची तबकडी विकली गेली तरी गाणारा उपाशीच, आणि हे सारे पूर्णपणे कायदेशीर!

संग्राहकांना सरसकट दोष देणे मात्र अन्यायाचे होईल. किंग्स्टनमध्ये कित्येक मूळ फिती पुसून पुन्हा वापरल्या गेल्या, कित्येक ओलीने खराब झाल्या. काही गाणी आज ऐकू येतात ती कोणीतरी तबकडी जपली म्हणूनच. अशा जपलेल्या तबकडीवरून पुनर्मुद्रणही झाले आहे. प्रश्न हौसेचा नाही, पैसा कुठे जातो याचा आहे. जुन्या तबकडीचा पैसा व्यापाऱ्याकडे जातो. रीतसर परवाना घेऊन काढलेल्या पुनर्मुद्रणाचा पैसा, करार प्रामाणिक असेल तर, कलावंताच्या किंवा त्याच्या वारसांच्या घरी पोचू शकतो. गाण्यावर प्रेम असलेल्याने यातली निवड डोळसपणे करावी.

आपल्या घरात काय?

जमैकावर बोट ठेवताना आपण आपल्याही घरात पाहिले पाहिजे. वामनदादा कर्डकांनी हजारो गीते लिहिली, गावोगाव गायली. २००४ मध्ये ते गेले. कायद्याने गीतकाराचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो. म्हणजे वामनदादांच्या शब्दांवरचा हक्क २०६४ अखेरपर्यंत जिवंत आहे. पण दीक्षाभूमीवर, चैत्यभूमीवर वर्षानुवर्षे विकल्या गेलेल्या कॅसेटांपैकी कितींवर गीतकाराचे नाव होते? कितींचा लेखी करार झाला होता? शाहिराच्या घरी कराराची प्रत मागितली तर बहुधा ती नसतेच, हा आमचा अनुभव आहे.

म्हणून आमच्या कवी-गायकांना काही गोष्टी सांगणे आम्ही कर्तव्य समजतो. लेखी आणि सहीनिशी नसलेले हक्कांतरण कायद्याला मान्य नाही. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाचच वर्षांची धरली जाते. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला समान वाटा कंपनीला विकत घेता येत नाही, लिहून सोडवूनही घेता येत नाही. तेव्हा सही करण्याआधी कागद वाचा, वाचून घ्या, आणि एक प्रत घरात ठेवा.

दुसरे काम चळवळीचे आहे. विहाराच्या कपाटात, कार्यकर्त्याच्या पेटीत जुन्या तबकड्या, कॅसेटा, वह्या पडून आहेत. त्यांची यादी करा. कोणी लिहिले, कोणी गायले, ढोलकीवर कोण होते, कोणत्या साली, हे विचारून टिपून ठेवा. सांगणारी माणसे अजून आहेत तोवरच हे होईल. उद्या आपली गाणीही कोणाच्या तरी दिवाणखान्यात दुर्मिळ वस्तू म्हणून पोचतील. त्यावेळी लेबल कोरे असता कामा नये.