अर्धा तास सिनेमा, 6 किलोमीटर गाडी?

मोबाइलवर अर्धा तास सिनेमा पाहिला की 6 किलोमीटर गाडी चालवल्याइतकं प्रदूषण होतं, हा मेसेज महाड-पोलादपूरच्या ग्रुपांवर अजून फिरतोय. खाली गुलाबाचं फूल आणि ‘पुढे पाठवा’!

या आकड्याचं मूळ 2019 सालचं, ‘शिफ्ट प्रोजेक्ट’ या फ्रेंच संस्थेचं. हिशेबात बिट आणि बाइटची गल्लत झाली होती, म्हणजे थेट आठपट फरक. संस्थेने 2020मध्ये ती चूक मान्यही केली. दुरुस्ती मात्र कुणी पुढे पाठवली नाही. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या 2020च्या हिशेबानुसार तासभर व्हिडिओला साधारण 0.08 युनिट वीज लागते, आणि त्यातला सर्वांत मोठा वाटा आपल्याच पडद्याचा. म्हणजे मोठ्या टीव्हीपेक्षा मोबाइल स्वस्त.

आपली वीज बरीचशी कोळशाची. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या आकड्यांप्रमाणे युनिटमागे सुमारे 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड धरा, तर तासाला 55 ग्रॅम होतात. आता महाडहून पोलादपूरला मोटारसायकलने जा. 18-20 किलोमीटर, लिटरला 50चं ॲव्हरेज धरलं तरी 800-900 ग्रॅम. तेवढ्यात पंधरा तास सिनेमे बघून होतात! (डोळ्यांचं काय होईल ते वेगळं.)

याचा अर्थ इंटरनेट फुकटात चालतं असा नाही. ‘ते तर हवेतून येतं’ म्हणणाऱ्यांनी जुलै 2021चा महाडचा पूर आठवावा: वीज गेली, पाठोपाठ नेटवर्कही गेलं. लाइट नसताना टॉवर बॅटरीवर चालतो, नाहीतर डिझेलवर.

‘सगळं उपग्रहावरून येतं’? परदेशातला बहुतेक डेटा समुद्राखालच्या केबलमधून येतो, आणि त्यातल्या काही मुंबईत वर्सोव्याला किनाऱ्यावर येतात. ‘डेटा सेंटर असतात अमेरिकेत’? एक मोठं आपल्याच जिल्ह्यात, पनवेलला आहे. जगभरच्या डेटा सेंटरांनी 2024मध्ये सुमारे 41,500 कोटी युनिट वीज घेतली, जगाच्या वापराच्या दीड टक्का. तिथे साठलेले आपले जुने मेल पुसून त्यात जाणवण्याइतकी बचत होत नाही.

खरा बोजा फोन तयार होताना पडतो. ॲपलच्याच अहवालांत आयफोनच्या एकूण उत्सर्जनातलं सुमारे 80 टक्के उत्पादनातलं आहे. उलट रोज चार्ज केला तरी फोन वर्षाला 10 युनिटच्या आसपासच वीज खातो. तेव्हा बॅटरी बदलून जुना फोन आणखी दोन वर्षं चालवा. इनबॉक्स भरलेला असला तरी चालेल.