पेठेचा संघ आणि कंपनीचा संघ

२०२२ साली विश्वचषक फुटबॉल स्पर्धा सुरू होती, त्या दिवसांत कोल्हापूरच्या पेठा अर्जेंटिना आणि ब्राझील या दोन देशांत जणू वाटल्या गेल्या होत्या. चौकाचौकांत झेंडे होते, मेस्सी आणि नेमार यांचे उंच फलक होते. बाहेरगावच्या सुज्ञ माणसाला हा प्रकार वेडगळ वाटतो. परंतु या वेडाच्या मुळाशी केवळ दूरच्या खेळाडूंविषयीचे कौतुक नाही. फुटबॉलचा संघ हा वस्तीचा असतो, ही समजूत कोल्हापूर आणि ब्यूनस आयर्स या दोन्ही नगरांत सारखीच रुजलेली आहे. आपल्याकडील क्रीडाव्यवहाराच्या चर्चेत मात्र या समजुतीचा आर्थिक अर्थ क्वचितच ध्यानात घेतला जातो.

बोका ज्युनियर्स या विख्यात क्लबाचे उदाहरण पाहावे. १९०५ साली ब्यूनस आयर्सच्या बोका या बंदराकाठच्या गरीब वस्तीत इटालियन स्थलांतरितांच्या मुलांनी तो स्थापन केला. बंदरात प्रथम शिरणाऱ्या जहाजाच्या निशाणाचे रंग घ्यावयाचे असे ठरले आणि स्वीडनचे जहाज आल्यामुळे निळा व पिवळा हे रंग मिळाले, अशी आख्यायिका आहे. त्याचा प्रतिस्पर्धी रिव्हर प्लेट हादेखील १९०१ साली याच वस्तीत जन्मला. पुढे तो शहराच्या उत्तर भागात गेला आणि श्रीमंतांचा क्लब म्हणून ओळखला जाऊ लागला. एकाच गल्लीतून निघालेल्या दोन भावांचे हे वैर आहे. त्यात खेळाइतकाच वर्गभावनेचाही वाटा आहे.

तथापि अर्थशास्त्राच्या दृष्टीने याहून महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. अर्जेंटिनातील हे क्लब कंपन्या नाहीत. ते सभासदांच्या नागरी संस्था आहेत. सभासद वर्गणी भरतो, मत देतो आणि अध्यक्ष निवडतो. बोकाचा एकेकाळचा लाडका खेळाडू रिकेल्मे २०२३ च्या डिसेंबरात अध्यक्ष झाला, तो अशाच मतदानाने. त्याच महिन्यात तेथील नव्या सरकारने अशा क्लबांना भागभांडवलाच्या कंपनीत रूपांतर करण्याची मोकळीक देणारा हुकूम काढला, तेव्हा फुटबॉल महासंघाने आणि बहुतेक क्लबांनी त्याला कसून विरोध केला.

आता आपल्याकडे वळू. महाराष्ट्रात आणि गोव्यात नावारूपाला आलेले बहुतेक संघ कंपन्यांनी पोसलेले होते. मुंबईत मफतलाल, ऑर्के मिल्स, महिंद्र. गोव्यात धेंपो, साळगावकर. या आश्रयाने खेळाडूंना नोकरी दिली, घर चालविले, हे ऋण मान्य केलेच पाहिजे. परंतु कंपनीच्या नफातोटा पत्रकात संघ नेहमी खर्चाच्या बाजूला असतो, आणि खर्च कमी करावयाची वेळ आली की त्याच्या बाजूने बोलणारे कोणी नसते. महिंद्र युनायटेडने २००५-०६ साली राष्ट्रीय लीग जिंकली. २०१० साली कंपनीने तो संघच बंद केला. धेंपोने राष्ट्रीय अजिंक्यपद पाच वेळा मिळविले. २०१६ साली महासंघाच्या धोरणावर नाराज होऊन धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब हे तिन्ही गोमंतकीय संघ राष्ट्रीय लीगमधून बाहेर पडले. धेंपोला तेथे परतावयास २०२४ साल उजाडले. या निर्णयांत प्रेक्षकाला मत नव्हते. तिकीट काढणारा तो केवळ गिऱ्हाईक होता.

२०१४ नंतर आलेल्या नव्या लीगने तर क्लबाला विक्रेय वस्तूचेच रूप दिले. मँचेस्टरच्या सिटी समूहाने २०१९ साली मुंबई सिटी या संघाचा ६५ टक्के हिस्सा विकत घेतला. त्याआधी २०१७ मध्ये याच समूहाने उरुग्वेतील एक क्लब घेतला होता आणि पुढे त्याच्या नावात आपले ‘सिटी’ जोडले. मुंबई काय, माँटेव्हिडिओ काय, दोन्ही एकाच वहीतील दोन खाती! २०२५ साली महासंघ आणि लीग चालविणारी कंपनी यांच्यातील कराराचा पेच सुटेना, तेव्हा सारा हंगामच अडून राहिला. एका करारावर उभी असलेली इमारत तो करार संपताच डळमळते, हे सांगण्यास अर्थशास्त्रज्ञाची गरज नाही.

या पार्श्वभूमीवर पाटाकडील तालीम, शिवाजी तरुण मंडळ, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा, प्रॅक्टिस क्लब ही कोल्हापूरची मंडळी निराळी उठून दिसतात. मूळ तालमी कुस्तीच्या. शाहू छत्रपतींच्या काळात मल्लविद्येला जो राजाश्रय लाभला, त्यातून पेठेपेठेत तालमीचे संघटन दृढ झाले आणि फुटबॉल त्याच मातीत रुजला. शाहू स्टेडियमवर पेठ आपल्या संघासाठी बसते. मालक नाही म्हणून संघ विकला जात नाही, आणि विकला जात नाही म्हणून तो पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव हा याच कोल्हापूरचा.

अर्थात या चित्राला दुसरी बाजू आहे. पेठेचा अभिमान मैदानाबाहेर हाणामारीत उतरतो आणि पोलिसांना मध्ये पडावे लागते. बाहेरच्या खेळाडूंना मानधन देऊन आणण्याची चढाओढ वाढते आणि त्या पैशासाठी पुढाऱ्यांचे दार ठोठवावे लागते. अर्जेंटिनाही या रोगातून सुटलेला नाही. तेथे गुंडांच्या टोळ्यांनी प्रेक्षागारे वेठीस धरली आहेत. बोकाचे अध्यक्षपद भूषविलेले माक्री पुढे २०१५ साली देशाचे अध्यक्ष झाले. साखर कारखान्याच्या पायरीवरून विधानसभेत गेलेली माणसे पाहिलेल्या महाराष्ट्राला यात नवल वाटू नये. सहकाराचे गुण आणि दोष या क्लबांत एकत्रच नांदतात.

परंतु दोषांवरील उपाय मालकाच्या स्वाधीन होणे हा नव्हे. तालमींनी रीतसर सभासद नोंदवावेत, हिशेब दरवर्षी जाहीर करावेत, कार्यकारिणी मतदानाने निवडावी, दंगा करणाऱ्याचे सभासदत्व रद्द करावे, आणि मुलींच्या संघालाही तेच मैदान व तीच वर्गणी लाभावी. हे अशक्य नाही. आपल्या नाशकात १८४० साली स्थापन झालेले सार्वजनिक वाचनालय आजही सभासदांच्या बळावर चालते. जे ग्रंथांच्या बाबतीत साधले, ते खेळाच्या बाबतीत का साधू नये? नाशकातही तालमी आहेत, मोकळी मैदाने अजून पुरती संपलेली नाहीत आणि महिन्याकाठी थोडी वर्गणी देऊ शकणारा शिक्षक व कारकून वर्गही आहे. दूरदर्शनच्या पडद्यावर दुसऱ्याच्या मालकीचा संघ पाहून टाळ्या वाजविण्यापेक्षा आपल्या वस्तीच्या संघाचा पावती-क्रमांक खिशात बाळगणे अधिक मोलाचे आहे. त्या पावतीने सामना जिंकता येईलच असे नाही. पण संघ एका सकाळी बंद करण्याचा अधिकार मात्र कोणा एकाकडे उरणार नाही.