अंकांचे भाषांतर

आपल्या या वार्षिकात मराठी व कन्नड असे दोन विभाग असतात. घरात एक भाषा आणि बाजारात दुसरी बोलणाऱ्या आपल्याला भाषांतरातील धोके नव्याने सांगायला नकोत. परंतु अंकांचेही भाषांतर करावे लागते व तेही फसू शकते, हे मला भूगोलाच्या प्रकल्पात कळले.

मला खानापूर तालुक्यातील एका पठारी भागाची सरासरी उंची काढायची होती. फेब्रुवारी २००० मध्ये 'एन्डेव्हर' या अमेरिकन अवकाशयानाने ११ दिवसांत रडारच्या साहाय्याने पृथ्वीवरील बहुतेक जमिनीची उंची मोजली. ती माहिती आज विनामूल्य मिळते. एक अंश लांबी-रुंदीच्या प्रत्येक चौकोनाची एक फाइल असते. बेळगाव, खानापूर आणि गोव्याचा काही पूर्वभाग ज्यात येतो, त्या चौकोनाचे नाव 'एन१५ई०७४'. म्हणजे त्याचा नैर्ऋत्य कोपरा १५ अंश उत्तर, ७४ अंश पूर्व येथे आहे.

या फाइलीत १२०१ ओळी व प्रत्येक ओळीत १२०१ उंच्या असतात. दोन शेजारी बिंदूंत सुमारे ९० मीटर अंतर. प्रत्येक उंचीला दोन बाइट, म्हणून फाइल बरोबर २८,८४,८०२ बाइटांची. त्यात अंकांखेरीज एक अक्षरही नाही. जागेचा पत्ता फक्त नावात! मी हौसेने नाव बदलून 'बेळगाव' ठेवले, तेव्हा संगणकाने ती फाइल उघडण्यास साफ नकार दिला.

दुसरी अडचण बाइटांच्या क्रमाची. सत्तावन्न म्हणताना मराठी माणूस सात आधी उच्चारतो; कन्नडमध्ये 'ऐवत्तेळु' म्हणजे पन्नास आधी. संगणकांतही असेच दोन पंथ आहेत. या फाइलीत मोठा बाइट आधी असतो, आणि आपल्या नेहमीच्या संगणकात लहान आधी. क्रम न सांगता वाचल्यास ७५० मीटर उंचीचे ठिकाण उणे ४६०६ मीटरवर, म्हणजे समुद्राच्या तळाशी जाते!

हे सारे सांभाळून रूपांतर करणारा 'जीडाल' हा मोफत प्रोग्रॅम फ्रँक वॉर्मरडॅम यांनी १९९८ मध्ये लिहावयास घेतला. त्यात चित्रांवर बोट ठेवायचे नसते. काळ्या खिडकीत एक ओळ टंकायची असते:

जीडाल_ट्रान्सलेट -ओएफ एएआयग्रिड एन१५ई०७४.एचजीटी खानापूर.एएससी

(प्रत्यक्षात ही अक्षरे रोमन लिपीत टंकावी लागतात.) पहिला शब्द आज्ञेचा, '-ओएफ' व त्यापुढील शब्द कोणत्या प्रकारात रूपांतर हवे ते सांगतात, मग मूळ फाइल आणि शेवटी नवी. काही क्षणांत साध्या मजकुराची फाइल तयार होते. तिच्या माथ्यावर सहा ओळी असतात: किती स्तंभ, किती ओळी, नैर्ऋत्य कोपऱ्याचे रेखांश व अक्षांश, चौकटीचा आकार, आणि सहावीत 'माहिती नाही' याची खूण, उणे ३२७६८.

त्या सहा ओळी मला अडगळ वाटल्या. मी त्या पुसून टाकल्या, माझ्या भागातील अंक वेगळे काढले आणि सरासरी काढली. ती चारशे मीटरच्याही खाली आली! दोन दिवस मी बेरजा तपासत बसलो. बेरजा बरोबरच होत्या. तीव्र उतारांवर व पाण्यावर रडारला काही ठिकाणी उंची मिळाली नव्हती. मी घेतलेल्या जुन्या आवृत्तीत त्या जागी ती खूण होती, आणि मी तिलाच उंची समजून बेरजेत घेतले होते. हजार बिंदूंपैकी केवळ दहा असे असले, तरी ७०० मीटरची सरासरी ३६५ वर येते. (पुढच्या आवृत्त्यांत या रिकाम्या जागा भरून काढल्या आहेत.)

तेव्हापासून मी रूपांतराच्या आधी व नंतर 'जीडालइन्फो' ही आज्ञा देऊन ओळींची संख्या, चारही कोपरे आणि रिकाम्या जागेची खूण ताडून पाहतो. याला दोन मिनिटेही लागत नाहीत. ती दोन मिनिटे वाचवण्याच्या नादात माझे दोन दिवस गेले. वाचकमित्रांनी तरी ती चूक करू नये. अंक जसेच्या तसे उतरले म्हणजे भाषांतर झाले असे नव्हे. ते कुठले आहेत आणि कुठे काहीच ठाऊक नाही, हेही उतरले पाहिजे.