परदेशी निघताना : लॅपटॉपबरोबर शरीराचीही तयारी

राजापूर तालुक्यातील नाटे हे जैतापूर खाडीच्या परिसरातील, यशवंतगडाच्या सावलीत वसलेले गाव. या किनारपट्टीवरील अनेक घरांतील कोणी ना कोणी नोकरीनिमित्त आखाती देशांत असते. शिक्षणासाठी युरोप-अमेरिकेची वाट धरणारी मुले आहेत आणि मुलांकडे चार महिने राहावयास जाणारे आईवडीलही आहेत. यांच्या सामानात हल्ली लॅपटॉप असतोच. त्याच्यासाठी चांगली पिशवी घेतली जाते, चार्जर आठवणीने ठेवला जातो. परंतु ज्या मानेने, पाठीने आणि डोळ्यांनी तो वापरायचा, त्यांचा विचार दुखणे सुरू झाल्यावरच होतो. नव्या देशात, नव्या नोकरीत, परक्या दवाखान्यात ते दुखणे अधिकच जड जाते. म्हणून ही तयारी घरीच व्हावयास हवी.

प्रवास गावातूनच सुरू होतो

नाटे येथून राजापूर रोड स्थानक, तेथून कोकण रेल्वेने मुंबई, मग विमानतळावरील प्रतीक्षा आणि शेवटी विमान. हा सारा काळ बहुतांशी बसूनच जातो. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, सलग चार तास किंवा अधिक प्रवास केल्यास शिरांमध्ये रक्ताची गुठळी होण्याचा धोका सुमारे दुप्पट होतो. हे केवळ विमानालाच नव्हे, तर रेल्वे, बस आणि मोटारीलाही लागू आहे. मूळ धोका अल्प असल्याने घाबरण्याचे कारण नाही. परंतु मांडीवर लॅपटॉप उघडून बसलेला मनुष्य तासन्‌तास पाय हलवीत नाही, हे ध्यानात ठेवावे. दर तासाला उठून चार पावले चालावे, बसल्या जागी घोटे गोल फिरवावेत, पाणी पीत राहावे.

पूर्वी गुठळी झालेली असल्यास, नुकतीच शस्त्रक्रिया झाली असल्यास, गर्भावस्था असल्यास किंवा गर्भनिरोधक गोळ्या चालू असल्यास निघण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. प्रवासानंतर एकाच पोटरीला सूज व वेदना आली किंवा एकाएकी धाप लागली, तर विलंब न करता रुग्णालय गाठावे.

मानेवरचे ओझे

आपले डोके साधारण पाच किलो वजनाचे असते. अमेरिकन शल्यविशारद केनेथ हंसराज यांनी २०१४ मध्ये गणिताने दाखविले की, मान १५ अंश पुढे झुकली की मणक्यावरील भार सुमारे १२ किलो होतो आणि ६० अंशांवर तो २७ किलोपर्यंत जातो. लॅपटॉपची रचनाच अशी की, हात सोयीच्या जागी ठेवले तर पडदा खाली जातो आणि पडदा वर घेतला तर हात अवघडतात. यावर उपाय एकच : घडीचा स्टँड, स्वतंत्र कीबोर्ड आणि माउस. स्टँड नसेल तर जाड पुस्तकेही चालतात. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीत यावी. पिशवी एका खांद्यावर न लटकविता दोन्ही खांद्यांवर घ्यावी.

परदेशातील छोट्या खोलीत पलंगावर बसून, लॅपटॉप थेट मांडीवर ठेवून काम करण्याची सवय लागते. सतत उष्णता लागल्याने त्वचेवर जाळीसारखे तपकिरी डाग उमटू शकतात. शेगडीजवळ नित्य बसणाऱ्यांना पूर्वी असेच डाग पडत. मध्ये कठीण फळी किंवा ट्रे ठेवावा.

डोळे आणि झोप

पडद्याकडे पाहताना पापण्यांची उघडझाप निम्म्याहून कमी होते. त्यातच विमानातील हवा अतिशय कोरडी असते. दर २० मिनिटांनी २० फूट दूरच्या वस्तूकडे २० सेकंद पाहावे. डोळ्यांत घालण्याचे थेंब लागत असतील तर ते हातातील पिशवीत ठेवावेत. अमेरिकेसारख्या दूरच्या देशात पोहोचल्यावर पहिले काही दिवस झोपेपूर्वी तासभर पडदा बंद ठेवावा. त्याच्या प्रकाशाने झोप लांबते व शरीराचे घड्याळ सावरावयास वेळ लागतो.

वीज आणि बॅटरी

चार्जरवर १००–२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ असे छापलेले असेल, तर तो अमेरिकेतील १२० व्होल्टवरही चालतो. बदलावा लागतो तो केवळ प्लग. संयुक्त अरब अमिरात आणि ब्रिटनमध्ये तीन चौकोनी पिनांचा, तर अमेरिकेत चपट्या पिनांचा प्लग लागतो. तीन पिनांच्या चार्जरला अर्थिंग असलेलाच अडॅप्टर घ्यावा. अर्थिंग नसले की धातूच्या लॅपटॉपला हात लागताच झिणझिण्या जाणवतात.

पॉवर बँक आणि सुट्या बॅटऱ्या हातातील पिशवीतच ठेवाव्यात, मोठ्या सामानात नव्हे. १०० वॅट-तासांपेक्षा मोठ्या बॅटरीस विमान कंपनीची परवानगी लागते. फुगलेली बॅटरी घेऊन प्रवास करूच नये, कारण ती पेट घेऊ शकते. समुद्रकाठच्या दमट, खारट हवेत यंत्र लवकर बिघडते. म्हणून निघण्यापूर्वी ते एकदा तपासून घ्यावे.

औषधे, कागद आणि घरचा संपर्क

रक्तदाब, मधुमेह यांची औषधे मूळ वेष्टनात घ्यावीत. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषधांची मूळ नावे लिहून घ्यावीत आणि त्या चिठ्ठीची प्रत इंटरनेटविना उघडेल अशी लॅपटॉपमध्ये व घरीही ठेवावी. अमिरातीत ट्रामाडोल, कोडीन यांसारखी वेदनाशामके नियंत्रित आहेत; ती पूर्वपरवानगीविना नेऊ नयेत.

घरच्यांशी बोलणे हेही आरोग्यच. अमिरातीत व्हॉट्सॲपवरून व्हिडिओ कॉल होत नाही. तेथे मान्यताप्राप्त ॲप वापरावे लागते. ते गावीच दोन्हीकडे बसवून, आईवडिलांना चालविण्यास शिकवून ठेवावे. ठरलेल्या वेळी फोन न आल्याने रात्र जागून काढणारे घर आपण सर्वांनीच पाहिले आहे. बँकेचा ओटीपी भारतीय क्रमांकावर येतो, म्हणून रोमिंगची सोयही आधीच करावी.

निघण्यापूर्वी आठ दिवस

• स्टँड व कीबोर्ड लावून रोज दोन तास काम करून पाहावे. मान अवघडली तर उंची बदलावी.
• भरलेली पिशवी पाठीवर घेऊन अर्धा तास चालावे. जड वाटले ते काढावे.
• महत्त्वाच्या फाइलींची प्रत वेगळ्या डिस्कवर घ्यावी. पावसाळ्यात वीज जाते, तेव्हा हे काम अखेरच्या रात्रीवर ठेवू नये.
• चष्म्याचा क्रमांक तपासावा व जादा चष्मा घ्यावा.
• फोनची वेळ ठरवावी. गावी रात्रीचे नऊ वाजतात तेव्हा दुबईत साडेसात असतात, तर न्यूयॉर्कमध्ये ऋतुमानानुसार सकाळचे साडेदहा किंवा साडेअकरा.

लॅपटॉप बिघडला तर परदेशात दुसरा मिळेल. ज्या शरीराच्या भरवशावर मागचे घर चालते, त्याला दुसरा पर्याय नाही. तेव्हा सामानाची यादी करताना पहिली ओळ स्वतःसाठी राखावी.